हातातला हिरडा

मंचरहून भीमाशंकराकडे निघालेला रस्ता घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणाजवळ आला, की सपाटीचा निरोप घेऊ लागतो. उसाचे मळे संपतात, उतारावरची भातखाचरे दिसू लागतात, आणि तळेघर ओलांडल्यावर हिरड्याची झाडे वाटेच्या दोन्ही बाजूंस सोबत करतात. पावसाळ्यात या बाजूस धुके असे दाट उतरते, की दहा पावलांवरचे घरही दिसू नये. याच रस्त्याने गावी मुक्कामास राहिलेली एस.टी. पहाटे खाली उतरते. त्या वेळी तीत यात्रेकरू क्वचितच असतात. असतात ती पाठीवर दप्तरे लावलेली, अर्धवट झोपेतली मुले. दहावीपर्यंत आश्रमशाळेने सांभाळलेल्या या मुलांस पुढील दोन वर्षांसाठी डोंगर उतरावाच लागतो.

त्यांतीलच एक महादेव कोळ्यांच्या घरची मुलगी डोळ्यांपुढे आणावी. गणितात तिला गती आहे. अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज तिच्यापुढे आहे, आणि विषयांच्या रकान्यात तिला 'संगणकशास्त्र' हा शब्द दिसतो. आश्रमशाळेतील एका खोलीत तिने संगणक पाहिला होता. परंतु त्यावर धुळीचे कापड असे आणि बहुधा वीज नसे. त्या कापडाखाली काय आहे हे जाणण्याची तिची इच्छा साधीसुधी नव्हती.

पण या इच्छेस किंमत होती. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला संगणकशास्त्र हा २०० गुणांचा द्विलक्षी विषय म्हणून घेता येतो. तो घेतला म्हणजे दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडावा लागतो, अशी रीत गेली अनेक वर्षे चालत आलेली आहे. इंग्रजी राहते, जाते ती बहुधा मराठी, आणि तिच्याबरोबर पुष्कळदा जीवशास्त्र. शेकरूचे घरटे कोणत्या फांदीवर असते व हिरडा कधी मोहरतो हे जिने पुस्तकाआधीच जाणले आहे, तिने जीवशास्त्र सोडावे, आणि जिच्या आजीच्या तोंडी शेकडो ओव्या आहेत, तिने सोळाव्या वर्षी मराठीची वही मिटून ठेवावी, हा सौदा करणाऱ्यांनी फार विचार केला असेल असे दिसत नाही. मुलीने मात्र विचार केला. दोन दिवस अर्ज तसाच ठेवून तिसऱ्या दिवशी तिने संगणकशास्त्रापुढे खूण केली.

शाळेत संगणक येणे ही आपल्या देशात फार जुनी गोष्ट नव्हे. १९८४ साली केंद्र सरकारने संगणक-साक्षरतेची योजना काढली, तेव्हा निवडक शाळांत 'बी.बी.सी.' नावाची लहान यंत्रे आली. पुण्यात १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध झाला. त्या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात जन्मलेले. त्यांच्या बालपणी खेड्यातील शाळेत संगणक हा शब्दही कोणाच्या कानी पडला नसेल.

अकरावीचे वर्ष सरत आले तरी त्या मुलीची एक निराशा ओसरली नव्हती. तिला वाटले होते, संगणक म्हणजे चित्रे दाखवणारे, प्रश्नांची उत्तरे देणारे काही तरी अद्भुत असेल. प्रत्यक्षात पुढ्यात आली ती एक उघडी पेटी: काही कळा, तांबड्या अंकांची एक पट्टी, आणि मधोमध १९७६ साली निघालेला '८०८५' हा सूक्ष्मप्रक्रियक. घरोघरीच्या भ्रमणध्वनीपुढे हे यंत्र म्हणजे विमानापुढे बैलगाडी! परंतु बैलगाडीचे चाक कसे फिरते हे उघड्या डोळ्यांनी दिसते, विमानाचे दिसत नाही. म्हणूनच ही पेटी अभ्यासक्रमात टिकून राहिली असावी.

या यंत्राच्या संचयकात एका वेळी एकच संख्या मावते, तीही २५५ पर्यंतची. त्यास विचार नाही, तर्क नाही. आहे ते केवळ आज्ञापालन. प्रत्येक आज्ञेस दोन चिन्हांचा एक संकेत असतो. 'थांब' या आज्ञेचा संकेत ७६. एकदा ती हा ७६ लिहावयास विसरली. यंत्र आपले काम संपवून थांबले नाही. पुढील स्मृतीत जे काही पडले होते त्यासच आज्ञा समजून ते चालतच राहिले. तिने प्रथम यंत्रास दोष दिला, मग विजेस. अखेर वहीत बोट ठेवून एकेक ओळ वाचता वाचता तिला आपलीच चूक सापडली. त्या दिवशी ती हसली नाही. पण परतीच्या एस.टी.त तिने चार वेळा वही उघडून ती ओळ पाहिली.

पुढे राष्ट्रीय विज्ञान दिनास, म्हणजे २८ फेब्रुवारीस, वर्गाची सहल जुन्नर तालुक्यातील खोडदला गेली. तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या रानात आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण तबकड्या ३०. काही खोडदला एकत्र, बाकीच्या दूरवर पसरलेल्या. प्रत्येक तबकडीने टिपलेला क्षीण संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो, आणि ते काम संगणक करतो. मुलीने तेथेच उभ्या उभ्या हिशेब केला: ३० जणींची २९ जणींशी गाठ, त्याचे निम्मे, ४३५ जोड्या. घरापासून एका दिवसाच्या वाटेवर हे चालले होते, आणि तिच्या वाडीत ते कोणास ठाऊक नव्हते.

उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी आली तेव्हा बाळहिरडा वेचण्याचे दिवस होते. अंगणात हिरड्याचा ढीग वाळत होता. आजीने विचारले, "त्या खोक्यात काय गं शिकतीस?" आजीस इंग्रजी संकेत सांगून काय उपयोग! आणि मराठी तर वर्षभर वहीत उतरली नव्हती. मुलगी क्षणभर थांबली. मग ढिगातला पहिला हिरडा उचलून म्हणाली, "हे बघ आजी. हा हातात धरायचा. ढिगातला दुसरा घेऊन याच्याशी ताडायचा. हातातला लहान असला, तर तो टाकून दुसरा हातात घ्यायचा. नाही तर आहे तोच ठेवायचा. असं ढीग संपेपर्यंत. शेवटी हातात उरेल तो सगळ्यांत मोठा. खोकं एवढंच करतं, पण लवकर करतं."

आजीने दोन हिरडे उचलून उन्हात धरले, बोटांनी चाचपले, आणि म्हणाली, "अन् दोन सारखेच निघाले म्हंजे?"

मुलगी घरात गेली आणि वही घेऊन आली. तिने लिहिलेल्या आज्ञावलीत अदलाबदल होती ती हातातली संख्या लहान असेल तरच. सारखी असली तर हातातलीच राहत होती. हे तिनेच लिहिले होते. लिहिताना मात्र ते तिच्या ध्यानात आले नव्हते.