पाऊण इंच

पासष्टी उलटलेल्या माणसाने मोटारसायकल विकून स्वस्थ बसावे, असा आमच्या इंदूरच्या घरातील सर्वांचा अभिप्राय होता. माझ्या डाव्या गुडघ्याचाही तोच. परंतु उभयतांनी बुलेटवरून ओंकारेश्वरास जाण्याचा परिपाठ मोडवेना. म्हणून 2018 साली गाडीच गुडघ्याच्या बेताने करून घेण्याचे ठरविले.

फूटरेस्ट जितका उंच, तितका गुडघा अधिक दुमडतो. मिस्त्रीने जाड पट्ट्या लावून दोन्ही बाजूंचे फूटरेस्ट दीड इंच खाली घेतले. पाय सुखावला, पण ब्रेक होता तेथेच राहिला. (जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाशी.) ऐन बाजारात गाय आडवी आली, तेव्हा पाय उचलून ब्रेकवर नेण्यात गेलेला क्षण मला फार लांब वाटला. मग ब्रेकही खाली आणविला. शिवाय मागे नवे शॉकअब्सॉर्बर बसवून त्यांच्या स्प्रिंगा अगदी सैल ठेवविल्या. मऊ तेच सुखाचे, ही गादीवर लोळून झालेली समजूत!

भेरूघाटातील एका डाव्या वळणावर खालून खर्रकन आवाज आला. फूटरेस्ट रस्त्यास घासला होता. तो दुमडणारा नव्हता. जरा अधिक रुतता, तर मागचे चाकच उचलले जाते.

“अहो, काय घासलं?” सौ.ने विचारले.

“दगड,” मी म्हणालो.

घरी येताच टेप घेतला. मधल्या स्टँडवर चाक लोंबते ठेवून त्याच्या आसापासून मडगार्डच्या बोल्टापर्यंतचे अंतर मोजले; मग स्टँड काढून दोघे बसलो आणि शेजारच्या मुलाकडून पुन्हा मोजविले. मागच्या चाकाची सगळी हालचाल 80 मिलिमीटरची. त्यातील 42 आमच्या नुसत्या बसण्यानेच संपलेली! खड्ड्यांसाठी उरले काय? सौ.ची पाठ दुखे ती माझ्या या मऊपणापायी, आणि गाडी इतकी खचल्यामुळेच फूटरेस्टही घासला.

स्प्रिंगेखालच्या कड्याला पाच खाचा होत्या. आकडीच्या पान्याने ते चौथीवर नेले. बसण्याने खचणे 28 वर आले. फूटरेस्ट पाऊण इंच पुन्हा वर घेतले, ब्रेकही त्यांच्यासोबत. गुडघा थोडा कुरकुरला.

पुढल्या खेपेस बारीक खडी अंगास जाणवत होती, पण मोठ्या खड्ड्यांत पाठीस हादरा बसला नाही. बडवाहला चहासाठी उतरलो, तेव्हा सौ. पदर सावरीत म्हणाली, “या वेळी घाटातला तो दगड कुणी उचलला वाटतं!”