विजेच्या गिटारीची कैफियत

नागपूर,
श्रावण शुद्ध पंचमी

तीर्थरूप मामा यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले पत्र पावले. त्यात प्रकृतिमान, पाऊसपाणी आणि वाड्याच्या डागडुजीचा खर्च यांची प्रत्येकी एका ओळीत वासलात लावून उरलेले सगळे पान आपण माझ्या घरी आलेल्या जुन्या विजेच्या गिटारीच्या निषेधाकडे वळवलेत, आणि ‘ते लचांड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर गावाबाहेर धाडून दे’ अशी आज्ञाही फर्मावलीत. आज्ञा शिरसावंद्य आहे. तथापि निकाल देण्यापूर्वी प्रतिवादीची कैफियत लिहून घेण्याचा शिरस्ता आपण उभी हयात कचेरीत पाळला असल्यामुळे, त्याच शिरस्त्याचा आधार घेऊन हे पत्र लिहिण्याचे धार्ष्ट्य करतो.

दुसऱ्याची उष्टी वस्तू का घेतलीस, ही आपली पहिली हरकत. तिला उत्तर देण्याचे मला खरे तर कारणच नाही. कारण मिरजेच्या सतारमेकरांनी घडवलेली आपली सतार आपण एका दिवंगत कीर्तनकाराच्या वारसांकडून घेतलीत, आणि तिच्या दांडीवरच्या झिजेचे कौतुक माझ्या लहानपणी आपणच मला बोट फिरवून दाखवले आहे. माझे वाद्य आले ते अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून पुण्यास नोकरीवर निघालेल्या एका विद्यार्थ्याकडून. त्यानेही ते कोणाकडून तरी घेतले होते, त्यामुळे वहिवाटीत माझा क्रमांक तिसरा की चौथा हे सांगता येत नाही. डोक्याकडील पट्टीवरचे कारखान्याचे नाव पुसून गेले आहे. घाट मात्र ओळखीचा आहे : 1954 साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या गृहस्थाच्या कारखान्यातून ‘स्ट्रॅटोकास्टर’ नावाची जी गिटार बाहेर पडली, तिची ही असंख्य नकलांपैकी एक नक्कल. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे! वादकाच्या हातून घडलेले वाद्य आणि दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून घडलेले वाद्य यांत जो फरक पडावा तो इथे पडला आहे. म्हणजे याचा प्रत्येक अवयव सुटा होतो, आणि ज्या दांडीला आपल्याकडे सरसाने कायमचे चिकटवतात, ती इथे चार स्क्रूंवर धडाला जोडलेली असते.

आवाजाविषयी आपण जे लिहिलेत ते लग्नाच्या वरातीत ऐकलेल्या गिटारीवरून लिहिलेत असे दिसते. मी हे वाद्य घरी आणल्यावर बरेच दिवस ॲम्प्लिफायरला जोडलेच नव्हते. ते भरीव लाकडाचे आहे, त्याला भोपळा नाही, पोकळी नाही. तेव्हा विजेवाचून त्याचा आवाज शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही, आणि रात्री सगळे निजल्यावर वाजवायला याच्याइतके सभ्य वाद्य मला तरी दुसरे माहीत नाही. वीज जोडल्यावर जे घडते तेही आपणांस वाटते तसे जादूटोण्याचे नाही. तारांच्या खाली दोन-तीन मिलिमीटरांवर लोहचुंबकाच्या खुंट्या असून त्यांभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. त्या चुंबकाच्या क्षेत्रात पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तितक्याच कंपनांचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि हा सिद्धान्त मायकेल फॅरडेने 1831 सालीच सिद्ध करून ठेवला आहे. येथे एक गंमत आपल्या उपयोगाची. आपल्या सतारीच्या जोडीच्या पितळी तारा यावर चढवल्या तर कानाला त्या ऐकू येतील, पण विजेच्या दृष्टीने त्या जवळजवळ मुक्या ठरतील. कारण पितळेचे आणि चुंबकाचे काही सख्य नाही.

आता परिचयाविषयी. जुने वाद्य घरात आले की त्याला पहिल्याच दिवशी नवे करून टाकावे, तारा, खुंट्या, पडदे, सारे बदलावे, असा सल्ला देणारे हितचिंतक नागपुरात मुबलक आहेत. मी तो नामंजूर केला आणि आधी वाद्याचे दफ्तर वाचायला घेतले. पहिल्या तीन पडद्यांवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेखाली, नखाला लागतील असे खड्डे पडलेले. बाराव्या पडद्यापलीकडचे पडदे मात्र कोरे करकरीत. म्हणजे पूर्वीचे धनी गाण्याला साथ करणारे होते, वरच्या सप्तकात एकट्याने हिंडण्याची हौस त्यांपैकी कोणालाच नव्हती. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे आहेत. अर्थात वादन उभ्याने होत असे. आवाजाची कळ फिरवली की करकर होई. ती इकडून तिकडे पुष्कळदा फिरवल्यावर आतला गंज झडून करकर आपोआप थांबली.

मग एके दिवशी आतून साफ करावे म्हणून ते चार स्क्रू सोडवून दांडी धडापासून वेगळी केली, तर तिच्या खाचेत पत्त्याचा एक तुकडा दिसला. चौकटची सत्ती होती. नीट कात्रीने कापलेली, दाबाने काचेसारखी गुळगुळीत झालेली, स्क्रूंसाठी दोन भोके पाडून घातलेली. हा कचरा नव्हे हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. दांडी धडात जरा जास्त सरळ बसल्यामुळे तारा पडद्यांपासून उंच राहत होत्या, आणि घोडी खाली करायला जागा उरली नव्हती. तेव्हा कोणा समंजस माणसाने दांडीच्या टोकाखाली ही पाचर सारून तिचा कोन केसभर बदलला होता. मी ती जशीच्या तशी ठेवून स्क्रू पुन्हा आवळले. त्या अनामिकाने कोणता जोड अपुरा करून टाकला हे मात्र मनात राहिले, कारण 51 पत्त्यांत रमी लागत नाही.

हवेचा मुद्दा आपल्या पत्रात नाही, पण या कैफियतीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वाद्य माझ्या ताब्यात आले ते मे महिन्याच्या अखेरीस, गच्चीलगतच्या एका खोलीतून. नागपूरचा मे आपणांस ठाऊक आहे. 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. त्या भट्टीत लाकूड सुकून आकसते, परंतु पडद्यांचा धातू आकसत नाही. त्यामुळे पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर डोकावून तळव्याला कानशीसारखी लागत होती, आणि दांडी पाठीकडे वाकल्यामुळे खालच्या पडद्यांवर तारा झणझणत होत्या. आपणांस ती झणझण रुचली असती. सतारीच्या घोडीवर ज्या जवारीसाठी कारागीर पूर्वी हस्तिदंत आणि आता हाड तासतासून डोळे फोडतो, तिलाच गिटारवाले दोष समजतात. एका जाणकाराने पडदे तासून घेण्याचा सल्ला दिला. मी मृगाची वाट पाहिली. पाऊस सुरू झाला, कूलर बंद झाला, वाळ्याच्या ताट्या माळ्यावर गेल्या, आणि हवेतील ओल पिऊन लाकूड फुगले तशी पडद्यांची टोके आत गेली. दांडी तारांच्या ताणापुढे किंचित नमली, आणि झणझण कोणी हात न लावता नाहीशी झाली. आषाढात तारा उलट थोड्या उंच वाटू लागल्या, तेव्हा दांडीच्या पोटात असलेली पोलादी सळई ॲलन कीने पाव फेरा आवळली, एवढीच काय ती माझी कारागिरी. मे महिन्यात पडदे तासले असते तर ते पुन्हा वाढवता आले नसते. माझे मत असे, की विदर्भात जुने तंतुवाद्य घेणाऱ्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याखेरीज त्याला कानस लावण्याचा अधिकार स्वतःकडे घेऊ नये.

दोष मी लपवत नाही. ॲम्प्लिफायरला जोडले की हे वाद्य गुणगुणते. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते आणि ती चाल हे वेढे टिपतात. कूलर चालू असताना ही गुणगुण पुरता भ्रमर-गुंजारव होऊन बसे. तिचा स्वर पांढऱ्या पाचच्या जवळ, पण किंचित चढा, म्हणजे आपल्यासारख्याच्या कानाला मुद्दाम छळणारा आहे. वेढ्यांची उलटसुलट जोडी करून ही गुणगुण मारण्याची युक्ती सेथ लव्हर नावाच्या कारागिराने 1955 मध्ये शोधली. माझ्या वाद्यात ती नाही. मी खुर्ची खिडकीकडे फिरवून बसतो, त्या दिशेला ती बरीच दबते.

उरली ती आपली खरी हरकत : गंधार. पडदे पक्के बसवलेले, सप्तकाचे बारा समान भाग केलेले; त्यामुळे यावरचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यांतले चौदा भाग चढा. हे मला पूर्ण मान्य आहे. याच आरोपाखाली आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षांहून अधिक काळ पेटीला दाराबाहेर ठेवले, आणि तेवढ्या काळात मैफलींतून पेटी काही उठली नाही, एवढेच नम्रपणे नोंदवतो. ब्रिजभूषण काबरा यांनी तर उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे शिकून गिटारीवर कांब सरकवत राग मांडले; 1967 साली निघालेली शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि काबरा यांची ती ध्वनिमुद्रिका आपल्याच कपाटात आहे. मी कांब वापरत नाही. तार पडद्यावर आडवी ओढली तर स्वर फक्त चढतो, उतरत नाही. म्हणून गंधाराचा पडदा सोडून मी रिषभावर बोट ठेवतो आणि तेथून मींड घेऊन गंधार जिथे आहे तिथे गाठतो. ही तोड आपल्याच सतारीवरून उचललेली आहे. सतारीइतके पाच स्वर ओढता येत नाहीत. दीड-दोन स्वरांत माझे बोट रडकुंडीला येते.

दिवाळीत आपण सतार घेऊन यावे. सहाही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या तर चौथी तार काळी एकवर येते, पाचवी तिच्या मंद्र पंचमावर, आणि सहावी आणखी एक स्वर सैल केली की खर्जाचा षड्ज मिळतो. आपल्यामागे धरायला तेवढे पुरे. असे उतरवल्याने ताण सुमारे नवमांशाने घटतो आणि दांडीला नव्या ताणावर स्थिर व्हायला काही दिवस द्यावे लागतात. करिता आपली सतार अद्याप काळी एकलाच लावता की अलीकडे उतरवली आहे, हे उलट टपाली अवश्य कळवावे.

मामींस शिरसाष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
भाचा