वऱ्हाडांतून विलायतेस पैसा

अमरावतीस आलेल्या पाहुण्यास अंबादेवीचें दर्शन घडविल्यावर यजमान बहुधा परकोट दाखवितो. हा तट निजामाच्या राजवटींत १८०७ सालीं बांधावयास घेतला. त्याचें कारण देवस्थान नव्हे, राजवाडाहि नव्हे. येथील धनाढ्य सावकारांच्या तिजोऱ्या पेंढाऱ्यांच्या हातीं पडूं नयेत, एवढ्याकरितां हे पांच दरवाजे आणि चार खिडक्या. सावकारीसाठीं तटबंदी झालेलें शहर म्हणून अमरावतीकडे पाहिलें म्हणजे आंतल्या सराफ्याच्या गल्ल्या निराळ्याच दिसूं लागतात.

या गल्ल्यांतून पूर्वीं हुंडी निघे. तरुण वाचकांनीं ती पाहिली नसेल, म्हणून दोन शब्द सांगतों. दर्शनी हुंडी दाखवितांच पटावयाची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनीं. कोणीं आंकडा फिरवूं नये म्हणून रकमेजवळ तिची निमपट लिहून ‘याची दुप्पट पुरी’ असें बजावलेलें असे. हुंडी वाटेंत हरवली तर ‘पैठ’ काढीत, पैठहि हरवली तर ‘परपैठ’. आणि ज्याच्यावर हुंडी काढली त्यानेंच ती नाकारली तर? त्याचीहि तजवीज होती. त्याच गांवच्या दुसऱ्या एखाद्या भल्या गृहस्थाच्या नांवें ‘जिकरी चिठ्ठी’ सोबत देतां येई. त्यानें पैसे चुकते करून हुंडी काढणाराची अब्रू राखावयाची. म्हणजे अडचण आली असतां कोणाच्या ओट्यावर जाऊन बसावें, हें पैसे निघतांनाच ठरलेलें असे. या कामाचा मोबदला ती हुंडणावळ. पुढें परदेशी चलनाच्या दरालाहि आपण हाच शब्द लाविला.

विलायतेचा आणि अमरावतीचा संबंध केवळ कापसाचा नव्हे. १८९० सालीं काँग्रेसच्या शिष्टमंडळांतून रंगनाथ नरसिंह मुधोळकर तिकडे जाऊन आले. टिळकांच्या शिक्षेविरुद्ध खटपट करण्यासाठीं दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं गेले, ते १९१० पर्यंत तेथेंच होते. त्या वेळीं पौंडास पंधरा रुपये पडत. १९२७ पासून तेरा रुपये पांच आणे चार पै असा भाव झाला आणि तो १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत टिकला. एका पिढीच्या गृहिणीस तोंडपाठ राहावा असा तो दर. आतां तो सकाळीं एक आणि दुपारीं दुसरा असतो.

बडनेऱ्याहून मुंबईच्या वाटेस लागलें कीं मूर्तिजापूर मागें टाकून गाडी अकोल्यास येते. दोन्ही बाजूंस काळी जमीन. एके काळीं या भागांत कपाशीचेंच राज्य. आतां सोयाबीन आणि तूर यांनीं तिच्या मांडीला मांडी लावली आहे. अकोल्याच्या पुढें जलंबहून खामगांवास जो फांटा फुटतो, तो १८७० सालीं लॉर्ड मेयोनें उघडला. त्याच सालीं मुंबईपासून विलायतेपर्यंत समुद्रांतली तार पुरी झाली. राली आणि व्होलकार्ट यांसारख्या पेढ्यांचे अडते ज्या बाजारांत कापूस घेत, तेथील भाव कळण्यास लिव्हरपूलला आतां आठवडे लागेनात.

गेल्या पावसाळ्यांत आम्हांस याच वाटेनें अकोल्यास जावें लागलें. आमच्या आत्याबाई तेथें मोरणेच्या कांठीं, जुन्या शहरांत राहतात. वय ऐंशीच्या पुढें. नात विलायतेंत शिकते. तिच्या शुल्काचा हप्ता त्या आपल्या शिलकेंतून भरतात, आणि तो वेळेवर न गेला तर मुलीचें नांव पटावरून निघावयाचें.

बँक कोणती, हें सांगण्याचें कारण नाहीं. खिडकीवर एक सभ्य, थकलेला तरुण होता; बदलून येऊन त्यास दोनच महिने झाले होते. त्यानें ए-दोन नांवाचा अर्ज पुढें केला, पॅन क्रमांक घेतला, विद्यापीठाचें पत्र मागितलें. पैसे कशासाठीं जातात त्याचा सांकेतिक अंक घालावा लागतो: परदेशीं शिक्षण, तर एस ०३०५, कुटुंबाच्या निर्वाहासाठीं, तर एस १३०१. हें सर्व जमलें, पण सही जुळेना. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या हातानें नमुन्याची सही केली, तो हात आतां कांपतो. याच शाखेंत एके काळीं आत्याबाई दिसतांच खुर्ची पुढें येई. रोखपाल त्यांच्या यजमानांचे स्नेही होते. आज त्यांना ओळखणारें तेथें कोणी नव्हतें, आणि असतें तरी उपयोग काय? निर्णय अकोल्यांत होतच नाहीं. कागदांचीं छायाचित्रें मुंबईच्या कचेरीकडे गेलीं, सहीसाठीं आणखी दोन खेपा झाल्या.

पैसे अखेर पोंचले. पण एकवीस पौंड कमी. येथली बँक आणि तिकडची बँक यांचें परस्परांत खातें नसेल, तर मध्यें तिसरी येते. १९७३ सालीं ब्रुसेल्स येथें स्थापन झालेल्या स्विफ्ट संस्थेच्या जाळ्यांतून जातो तो केवळ संदेश. रक्कम वळती होते ती बँकांनीं एकमेकींकडे ठेविलेल्या खात्यांतून, आणि मधली बँक आपला आकार त्या रकमेंतूनच कापून घेते. तो कोणीं कापला, हें खिडकीवरच्या तरुणास सांगतां येईना. नातीनें आपल्या खाण्याच्या पैशांतून तूट भरली आणि नांव राहिलें. एकवीस पौंड गेल्याचें आत्याबाईंस विशेष वाटलें नाहीं. “मग विचारावें तरी कोणाला?” हा त्यांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

यावरून जुन्या काळाची आरती ओवाळावी, असें नव्हे. पेढीवरचा लोड ओळखीच्यासाठींच असे. कापूस पिकविणारा कुणबी त्याच ओट्याच्या पायरीशीं, कर्जाच्या कागदावर अंगठा उठवावयास उभा राही. त्याला खुर्ची कोणीं दिली? पुढें १९३९ च्या युद्धांत परकीय चलनावर नियंत्रण आलें, १९४७ व १९७३ च्या कायद्यांनीं तें पक्कें केलें, आणि मुलाला परदेशीं पैसे धाडणें म्हणजे परवानगीची वाट पाहणें झालें. १९९९ चा सौम्य कायदा २००० सालीं अंमलांत आला. २००४ सालीं रिझर्व्ह बँकेनें माणशी पंचवीस हजार डॉलरची मुभा दिली. ती आतां वर्षास अडीच लाख डॉलर आहे. पापळच्या पंजाबराव देशमुखांसारखा शेतकऱ्याचा मुलगा १९२० सालीं विलायतेस निघाला, तेव्हां तो अपवाद होता. आज वऱ्हाडांतल्या कोणत्याहि खेड्यांतील बापास तोच अर्ज आणि तोच नियम आहे. हा लाभ थोडा नव्हे. तरी ओळख गेली, तिच्याबरोबर जबाबदारीहि कां जावी, हें आम्हांस उमगत नाहीं. हुंडीच्या कागदावर तिला जागा होती.

आत्याबाईंचा पुढचा हप्ता पौषांत गेला. या खेपेस अर्जांत सर्व आकार पाठविणाराकडून घ्यावा असें लिहून दिलें, तेव्हां शुल्क पुरतें पोंचलें. स्विफ्टच्या संदेशाची प्रतहि मागून घेतली. तिच्यावर छत्तीस चिन्हांचा एक क्रमांक असतो. त्यावरून पैसा कोणत्या बँकेंत अडला, याचा माग बँकेस काढतां येतो. ही प्रत आम्हांस पहिल्या खेपेस कोणीं आपण होऊन दिली नव्हती.