सूचना ऐकावी, कारणही जाणावे

विमान सुटण्यापूर्वी सुरक्षेच्या सूचना दिल्या जातात, तेव्हा बहुतेक ज्येष्ठ प्रवासी औषधांची पुडी चाचपत असतात किंवा खिडकीबाहेर पाहत असतात. सूचना हिंदी वा इंग्रजीत, उच्चार घाईचे, त्यात इंजिनाची घरघर. ऐकू येते ते अर्धेच. माझे पती ७८ वर्षांचे आहेत आणि त्यांना फुप्फुसांचा जुना विकार आहे. वर्षातून एकदा आम्ही पुण्याहून दिल्लीला मुलीकडे जातो. त्यांच्यासोबत प्रवास करता करता मला उमगले, की हे नियम मुळात शरीराचे नियम आहेत. नुसता हुकूम म्हणून ऐकले तर ते विसरतात; कारण कळले की थकलेल्या स्मरणशक्तीतही टिकून राहतात.

पहिले कारण हवेचे. विमान ३५,००० फुटांवर असले, तरी आतील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका राखलेला असतो. म्हणजे आपण जणू उटीला किंवा सिमल्याला बसलेलो असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. दुबळ्या फुप्फुसांना जाणवते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी आम्ही छातीच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. घरचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. बॅटरीवर चालणारे छोटे ऑक्सिजन यंत्र न्यायचे असेल, तर विमान कंपनीला आगाऊ कळवून डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

हा राखलेला दाब एकाएकी गेला, तर डोक्यावरच्या कप्प्यातून मास्क खाली येतात. एवढ्या उंचीवर ऑक्सिजनशिवाय माणसाचे भान अर्धा ते एक मिनिटच शाबूत राहते. त्यातही फसवे असे, की जीव गुदमरतोच असे नाही. सारे ठीक आहे असे वाटत असतानाच विचारशक्ती आणि हात शिथिल होतात. १४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात दाबाच्या यंत्रणेची कळ चुकीच्या जागी राहिली होती. इशाऱ्याचा अर्थ वैमानिकांच्या ध्यानी आला नाही, त्यांची शुद्ध हरपली आणि विमानातील सर्व १२१ जण मृत्युमुखी पडले. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानातही दाब राखला गेला नाही. अनेकांच्या नाका-कानांतून रक्त आले. सुदैवाने विमान मुंबईला सुखरूप परतले. असा इशारा मिळताच वैमानिकानेही प्रथम स्वतःचा मास्क चढवायचा आणि मगच विमान खाली आणायचे, असा दंडक आहे.

सर्वांचे ताट वाढून झाल्यावर स्वतःचे पान घेणाऱ्या माझ्यासारखीला ‘आधी आपला मास्क, मग दुसऱ्याचा’ ही सूचना प्रथम निष्ठुरच वाटली होती. पतींनी ती एका वाक्यात पटवून दिली: “तुलाच भोवळ आली, तर माझा मास्क कोण बांधणार?” शुश्रूषा करणाऱ्याने प्रथम स्वतः शुद्धीवर राहायचे, एवढाच तिचा अर्थ. मास्क आपल्याकडे ओढल्यावर ऑक्सिजन सुरू होतो. त्याची पिशवी फुगली नाही, तरी तो येत असतो. हे ठाऊक असले म्हणजे ऐनवेळी घाबरगुंडी उडत नाही.

दुसरी सूचना पट्ट्याची. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवरून उडताना वादळी हवेत सापडले. ७३ वर्षांचे एक प्रवासी दगावले, कितीतरी जण जखमी झाले. त्यानंतर त्या कंपनीने पट्ट्याचा दिवा लागलेला असताना गरम पेये व जेवण वाढणे थांबवले. उतारवयात एका आपटण्याने खुब्याचे हाड मोडते आणि माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून दिवा विझला, तरी आम्ही बसलेलो असताना पट्टा बांधूनच ठेवतो. तो पोटावर नव्हे, खाली कमरेच्या हाडांवर घट्ट असावा. पांघरूण घेतले, तर पट्टा त्यावरून बांधावा, म्हणजे तो बांधलेला आहे हे कर्मचाऱ्यांना दिसते आणि झोपमोड होत नाही. लघवीचे औषध चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ते केव्हा घ्यावे, हे डॉक्टरांनाच विचारावे.

तिसरी सूचना आपल्याला सर्वांत जड जाते: विमान सोडताना सामान घ्यायचे नाही. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळून पेटले. छोट्या विमानातील पाच जण मरण पावले; प्रवासी विमानातील सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले. कर्मचाऱ्यांची आज्ञा पाळून सामान मागे ठेवल्याचा त्यात मोठा वाटा होता. निम्मी दारे बंद असतानाही ९० सेकंदांत विमान रिकामे करता यावे, अशी नव्या विमानाच्या मान्यतेची कसोटी असते. तिथे अडकलेली एक पिशवी मागच्या दहा जणांची वाट अडवते. आपत्कालीन दाराजवळची जागा ज्येष्ठांना देत नाहीत, तीही याच हिशेबाने; त्यात कमीपणा मानू नये.

पण आपल्या पिशवीत औषधे असतात; ती सोडवत नाही. त्यावरचा उपाय आजीच्या कनवटीने मला शिकवला. दोन दिवसांच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि मुलीचा फोन नंबर एका छोट्या बटव्यात घालून तो मी पतींच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवते, तसाच एक माझ्या कमरेला. बाकीची औषधे हातातल्या पिशवीत. बटवा अंगावर असला, की पिशवीत जीव अडकत नाही.

आणि सूचना ऐकू आल्या नाहीत, तर कर्मचाऱ्यांना जवळ बोलावून पुन्हा विचारावे. आपले सर्वांत जवळचे दार पुढे आहे की मागे आणि मधल्या रांगा किती, हे मोजून घ्यावे. मदतीची गरज असलेल्या प्रवाशाला हे वेगळे समजावून सांगणे त्यांच्या कामाचाच भाग आहे. विचारण्यात संकोच नको.