आस झिजते तेव्हा

सवाई जयसिंगाने मुहम्मदशहा बादशहाला अर्पण केलेल्या ‘जिज-ए-मुहम्मदशाही’ या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक तक्रार आहे. समरकंदच्या वेधशाळेच्या धर्तीवर त्याने आधी पितळी यंत्रे करवून घेतली होती, ती त्याच्या मनास उतरली नाहीत. कारणे तो एकामागून एक मांडतो. आकार लहान, म्हणून अंशाचे कलांपर्यंत भाग पाडता येत नाहीत. आस हलतात, झिजतात. वर्तुळांची केंद्रे जागची सरकतात, यंत्राची पातळी ढळते. आकाराची बाब बाजूला ठेवली, तर ही यादी ग्रहताऱ्यांच्या अभ्यासकाची वाटतच नाही. जुना बेंच व्हाइस समोर आला की जाणता फिटर याच क्रमाने हात लावतो: स्क्रूचे आटे किती उरलेत, पुढचा जबडा डुलतो का, दोन्ही जबडे सरळ मिटतात का, सरकता दांडा आपल्या घरात उचलला जातो का. जयपूर वसवणाऱ्या राजाला यंत्राचा स्वभाव झिजेवरून ओळखता येत होता, आणि जुन्या व्हाइसची ओळखही तिथूनच सुरू व्हायला हवी असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अंगावर नाव असताना झीज कशाला बघायची? शेफील्डचा ‘रेकॉर्ड’, पार्किन्सनचा ‘परफेक्ट’, नाहीतर आपल्याकडचा जालंधरचा ‘एपेक्स’. नाव वाचले की माल कळला. विकणारा त्यात ‘हा रेल्वेतला आहे’ अशीही भर घालतो, आणि जयपुरात ती पटण्यासारखी असते, कारण अजमेर जवळ आहे आणि तिथल्या रेल्वे कारखान्यात १८९५ साली भारतातले पहिले इंजिन बांधले गेले. नावाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. पण व्हाइसचे अंग बिडाचे, म्हणजे ओतीव असते. मूळ व्हाइसचे भाग सुटे करून वाळूत दाबले की त्यांचा ठसा उठतो, आणि त्या ठशात ओतलेल्या रसावर नावही आपोआप उमटते. नाव साच्याचे असते, धातूचे नसते. मात्र नक्कल एका गोष्टीने पकडली जाते. बीड थंड होताना साधारण शंभरात एक भाग आकसते. अस्सल साचा करणारा हे धरून साचा मोठा ठेवतो. नक्कल करणाऱ्याचा साचा म्हणजे आधीच एकदा आकसलेला व्हाइस. म्हणून शंभर मिलिमीटरचा म्हणवणारा जबडा मोजल्यावर नव्व्याण्णवच्या आसपास भरतो आणि अक्षरांच्या कडा बोथट लागतात. जबड्याची पोलादी पट्टी पुढे कधी बदलली असेल, म्हणून माप पट्टीखालच्या बिडाचे घ्यावे. ताजा, चकचकीत निळा रंग चढवलेला जुना व्हाइस मला आवडत नाही. अक्षरांच्या कडा त्या रंगाखाली बुजतात, आणि त्यांच्याबरोबर आणखीही काही बुजते, त्याकडे पुढे येतोच.

जयसिंगाने झिजेवर उपाय केला तो मुळावरच. जे हलते ते झिजते, तर हलणारा भागच नको. त्याने दगड आणि चुना घेतला आणि यंत्राची इमारत केली. जयपूरच्या जंतरमंतरातले मोठे सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. त्याची तिरपी भिंत पृथ्वीच्या आसाला समांतर, दोन्ही बाजूंना वर्तुळाचे चतुर्थांश, आणि त्यांवर दोन-दोन सेकंदांच्या खुणा. चतुर्थांशाची त्रिज्या सुमारे पंधरा मीटर, त्यामुळे भिंतीची सावली दर सेकंदाला मिलिमीटरभर सरकते, तासात चार मीटर. इथे फिरणारी एकच गोष्ट आहे, पृथ्वी. तिच्या आसाची झीज कुणा कारागिराच्या हिशेबात येत नाही. जयसिंगाच्या दरबारात जगन्नाथ सम्राट होता. तो महाराष्ट्रातून गेलेला ब्राह्मण, असे परंपरा सांगते. अरबीवरून त्याने युक्लिड संस्कृतात आणला, ‘रेखागणित’ या नावाने. युक्लिडच्या रेषेला रुंदी नसते, बिंदूला आकारमान नसते, म्हणून त्याच्या वर्तुळाचे केंद्र कधी सरकत नाही. अशी भूमिती वाचणाऱ्या माणसांना पितळी आसाचे डुगडुगणे किती टोचत असेल! तरी दगडानेही सगळे दिले नाही. सूर्य हा बिंदू नव्हे, आकाशात त्याचे बिंब अर्ध्या अंशाचे दिसते. पंधरा मीटरवरून पडणाऱ्या सावलीची कड त्यामुळे चौदा-एक सेंटिमीटरच्या धूसर पट्ट्यात विरते. खुणा दोन सेकंदांच्या, आणि कडेचा धूसरपणा दोन मिनिटांचा. मध्ये ताणलेली दोरी धरून त्या पट्ट्यातली नेमकी जागा शोधता येते, पण ते कौशल्य बघणाऱ्याचे. आणि इमारतीही कालांतराने ढळतातच. १९०१ साली गॅरेट आणि चंद्रधर शर्मा गुलेरी यांना या वेधशाळेची मोठी डागडुजी करावी लागली. धातू जयसिंगानेही पुरता सोडला नव्हता. चक्र यंत्राची वर्तुळे धातूचीच आहेत आणि ती आसावर फिरतात, कारण ज्याला आकाशात कुठेही रोखायचे त्याला फिरावेच लागते. वर जयगडावर त्याच्याच काळात, १७२० साली, जयबाण तोफ ओतली गेली. तिथल्या ओतशाळेत नळी कोरायचे यंत्र अजून बघायला मिळते, बैलांच्या जोरावर फिरणारे. इतका अवजड आस फिरवणाऱ्या माणसांना आस कसा झिजतो हे कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि याच शहरात १९४६ साली नॅशनल बेअरिंग कंपनी उभी राहिली. आस फिरावा आणि तरी झिजू नये, एवढ्याच कामाची बॉल बेअरिंगे तिथे होतात. शहराच्या इतिहासातल्या या सोयरिकीचा मला मनापासून आनंद वाटतो.

व्हाइसला मात्र दगडाचा मार्ग बंद आहे. त्याचे कामच मिटण्या-उघडण्याचे, म्हणून त्यात प्ले, म्हणजे थोडी मोकळी जागा, हवाच. हँडल उलटे फिरवल्यावर पाव फेरा काहीच घडत नाही आणि मग जबडा मागे सरतो. जुना व्हाइस पहिल्यांदा हाताळणारा या पाव फेऱ्याला घाबरतो. घाबरू नये. आवळताना आट्यांची एकच बाजू नटाच्या आट्यांवर दाबलेली असते, मोकळी जागा सगळी दुसऱ्या बाजूला जाते. पकडीत या प्लेमुळे काही उणे होत नाही. खगोलयंत्रात तेवढीच ढिलाई वेध बिघडवते, कारण तिथे आसावर मापन टेकलेले असते. व्हाइसला काही मोजायचे नसते, धरायचे असते. आटे धारेसारखे पातळ होईपर्यंत जुना स्क्रू इमानाने काम देतो. जबड्यांमध्ये वरच्या कडा आधी टेकल्या आणि खाली फट दिसली, तर तोही दोषच असे नाही. काही कारखाने जबडे मुद्दाम असेच ठेवतात, कारण जोर आला की वरची बाजू फाकते आणि मग पट्ट्या सपाट बसतात. उलटे असेल, वर फट आणि खाली टेकलेले, तर सरकत्या दांड्याचे घर झिजले आहे. ही झीज वाईट. स्क्रू, नट, जबड्याच्या पट्ट्या, हँडल हे सगळे बदलता येते. घर बदलता येत नाही, ते व्हाइसच्या अंगातच ओतलेले आहे.

तडा त्याहून वाईट. बीड दाब हवा तेवढा सोसते, ताण सोसत नाही, आणि तुटण्याआधी वाकून इशाराही देत नाही. इशारा द्यायचे काम हँडलचे. ते मऊ पोलादाचे असते, म्हणजे जोर हद्दीबाहेर गेला की आधी तेच वाकावे. हिशेब साधा आहे. मुठीपासून स्क्रूच्या मध्यापर्यंत वीस सेंटिमीटर आणि आट्यांचे अंतर पाच मिलिमीटर धरले, तर जोर अडीचशे पट होतो. तीन चतुर्थांशांहून अधिक घर्षणात गेला, तरी वीस किलोच्या रेट्याला जबड्यात टनभर पकड येते. आता त्या हँडलवर दुप्पट लांबीचा पाइप चढवा. म्हणून वाकलेले हँडल बघून मी म्हणेन, याने सोसले पण बीड बहुधा वाचवले. मूळ हँडलच्या जागी लांब, जाड, सरळ सळई दिसली तर मात्र पुढच्या जबड्याच्या मुळाशी बारकाईने बघावे. तिथे रॉकेल लावावे, कोरडे पुसावे आणि खडूची पूड भुरभुरावी. तडा असला तर थोड्या वेळात पुडीवर ओली रेघ उमटते. रंग खरवडल्यावर पिवळी रेघ दिसली, तर तो पूर्वी पितळेने सांधलेला आहे. रंगाबद्दलची माझी नावड यासाठी.

बाकीच्या बहुतेक तक्रारी वरून भयंकर आणि आतून किरकोळ असतात. हँडल उलटे फिरवले की स्क्रू एकटाच बाहेर येतो आणि जबडा जागचा हलत नाही: मागची कॉलर किंवा तिची पिन गेली आहे, कारण आवळताना स्क्रूची मान जबड्याला ढकलते, पण उघडताना त्याला ओढणारी फक्त ती कॉलर. हँडल दोन्ही दिशांना नुसतेच फिरते: नटाचे आटे गेले, किंवा नट धरणारा बोल्ट निसटला, आधी बोल्ट पाहावा. काहीच हलत नाही: रॉकेल आणि धीर. हातोडा नको.

राहिला शेवटचा आक्षेप: एवढ्या खटपटीपेक्षा नवा का घेऊ नये? घ्यावा, ज्याला उद्या सकाळी काम सुरू करायचे आहे त्याने जरूर घ्यावा. पण भंगारात व्हाइस किलोवर जातो, तिथे त्याचे घर शाबूत आहे की नाही याचा भाव वेगळा लागत नाही, आणि हे ओळखता येणाऱ्याला चांगले बीड लोखंडाच्या दरात मिळते. कृत्रिम पाय बसवणाऱ्या कार्यशाळेत प्लास्टरचा साचा व्हाइसमध्ये धरूनच कानसेने घासतात. जयपूर फूट घडवणारे रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या या शहराला दणकट आणि स्वस्त या दोन गोष्टी एकत्र हव्या असण्याचे अप्रूप नसावे. दुरुस्तीत एकच काटकसर करू नये. स्क्रू गेला म्हणून लेथवर नुसता स्क्रू नवा करून जुन्या नटात घातला, तर नटाचे आटे जुन्या स्क्रूच्या झिजेप्रमाणे झिजलेले असतात. नवा स्क्रू त्यांना मोजक्या उंचवट्यांवरच टेकतो, सगळा जोर तिथे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा लवकर जातो. स्क्रू आणि नट जोडीने करावेत. नट गनमेटलचा घ्यावा, म्हणजे पुढची झीज त्याच्या वाट्याला जाईल आणि पुढच्या वेळी बहुधा तेवढाच बदलावा लागेल.