शालीखालचा हात

कथात्म साहित्यातील पात्रचित्रण शिकवताना ‘हुबेहूब’ हे विशेषण कानी आले की मला आंग्र या फ्रेंच चित्रकाराने रंगवलेले मादाम रिव्हिएर यांचे तैलचित्र आठवते. 1806च्या सुमाराचे हे लंबवर्तुळाकार व्यक्तिचित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. नेपोलियनच्या दरबारातील एका अधिकाऱ्याची ही पत्नी निळ्या मखमली उशीला रेलून बसली आहे. अंगावर पांढरा झगा आणि त्यावरून वळसे घेत उतरलेली काश्मिरी शाल. प्रत्येक कापडाचा पोत डोळ्यांना निराळा कळावा इतक्या निगुतीने सारे रंगवले आहे. तरीही शालीच्या ओघात सापडलेला तिचा हात मापाने लांब आहे. असा हात माणसाला नसतो.

चित्राची कड, शालीचा काठ आणि हात ही एकाच वळणाची तीन रूपे आहेत; त्या वळणापायी हाड लांबले, असे मी मानतो. वस्तूशी काटेकोर निष्ठा आणि देहाच्या बाबतीत मोकळीक, हा व्यवहार वास्तववादाच्या आपल्या रूढ व्याख्येत बसत नाही. 1806च्या सलाँ प्रदर्शनात आंग्रच्या चित्रांना समीक्षकांनी ‘गॉथिक’ म्हणून हिणवले होते. त्यांना काहीतरी खुपले होते, एवढे निश्चित.

विद्यार्थी शालीला बहुधा ‘वैभवाचे प्रतीक’ म्हणून मोकळे होतात. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेनंतर (1798–1801) पॅरिसमध्ये या शालींचे वेड पसरले, हे खरेच. पण प्रतीक म्हटले की वस्तू वाचायची राहून जाते. कानी शालीचा आराखडा ‘तालीम’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिला जाई. एकाने तो मोठ्याने वाचायचा आणि विणकरांनी तो ऐकत रंगीत धाग्यांच्या काड्या फिरवायच्या. तेही शालीची उलटी बाजू समोर ठेवून. यात महिनेच्या महिने जात. म्हणजे अशी शाल पॅरिसला पोचण्यापूर्वीच लिहिली, वाचली आणि ऐकली गेलेली एक संहिता असे. आंग्रने तिचे आणखी एक वाचन केले. (तिच्यावरच्या बुट्टीला आपण लुगड्याच्या पदरावर कोयरी म्हणून ओळखतो, तेव्हा माझा पक्षपात वाचकांनी गृहीत धरावा.)

चेहरा मात्र नितळ आहे, बंद आहे. चेहऱ्यामागचे मन शोधण्याची सवय आपल्याला कादंबरीने लावली. येथे ती फार पुढे जात नाही; नजर गालावरून खाली उतरते आणि शालीच्या काठाने पुन्हा त्या हातापाशी येते.