सुगरणीची जागा

एकाच पांखराला निरनिराळ्या भाषांनीं कोणतीं नांवें दिलीं हें पाहिलें म्हणजे त्या त्या लोकांची दृष्टि कशावर पडली हें सहज कळतें. चिमणीएवढा, पावसाळ्यांत डोक्यावर पिवळी टोपी चढविणारा जो पक्षी शिंदीच्या झावळ्यांना आपलीं लांब नळीचीं घरटीं टांगतो, त्याला इंग्रजांनीं विणकर म्हटलें. आमच्या लोकांनीं सुगरण म्हटलें. इंग्रजांना त्यांत कसब दिसलें, आम्हांला त्यांत संसार दिसला. भिवंडीच्या रहिवाशाला मात्र हीं दोन्ही नांवें सारखींच जवळचीं वाटावींत. कारण हें गांवच विणकरांचें आहे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडून आलेलीं विणकर कुटुंबें येथें हातमाग घेऊन स्थायिक झालीं; पुढें विसाव्या शतकांत हातमागांची जागा यंत्रमागांनीं घेतली; आणि आज येथील कितीएक गल्ल्यांतून जातांना भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट ऐकूं येतो. अशा गांवाच्या शिवारांत एका पिसांच्या विणकराचीहि वस्ती असावी, हा योगायोग आम्हांला फार दिवसांपासून मोठा गमतीचा वाटत आला आहे.

आमचें नांव शास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीं, हें सिद्ध झालें तेंहि आमच्याच कोंकणांत. १९३० सालीं सलीम अली बर्लिन येथें पक्षिशास्त्राचे धडे घेऊन परत आले, तेव्हां मुंबईंत त्यांना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीम येथें जाऊन राहिले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती आणि हाताशीं वेळ भरपूर होता; तेव्हां त्यांनीं पावसाळाभर त्या वसाहतीसमोर बैठक मारली. त्यांनीं जें पाहिलें तें १९३१ मध्यें मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, व या पक्ष्याविषयींच्या पुष्कळ जुन्या समजुती त्यानें पुसून टाकल्या.

घरटें विणतो तो नर. भाताच्या पात्यांच्या किंवा झावळ्यांच्या चिरफळ्या चोंचीनें काढून, शेंकडों खेपा घालून, तो प्रथम अर्धेंच घरटें तयार करतो. या अवस्थेंत तें उलट्या टांगलेल्या टोपासारखें दिसतें. मग माद्यांचा थवा येतो. सोयरीक जुळविण्यापूर्वीं मुलीकडचीं वडीलधारीं मंडळी जशी मुलाचें घर पाहावयास जातात, तशा या बाया एकेका अर्धवट घरट्यांत शिरून तें चोंचीनें ओढून पाहतात. पसंत पडलें तर मादी तेथेंच मुक्काम करते, व नर उरलेलें घर आणि प्रवेशाची नळी पुरी करून देतो. ती अंड्यांवर बसली, कीं हे गृहस्थ जवळच दुसऱ्या घरट्याचा पाया घालावयास मोकळे ! जें अर्धें घरटें कोणीच पसंत करीत नाहीं, तें तसेंच टाकून दिलें जातें.

तेव्हां ज्या कसबाबद्दल आम्ही सुगरणीची वाखाणणी करतों, तें तिचें नव्हे, तिच्या धन्याचें. तथापि नांव बदलावें असें आम्हांला वाटत नाहीं. कारण सुगरणीचा खरा गुण हाताच्या कामाइतकाच पारखींत असतो, आणि ही पारख मादीच करते. या पारखींतली एक गोष्ट तर आम्हांला फार महत्त्वाची वाटते. पुढच्या अभ्यासकांनीं असें दाखविलें आहे कीं, मादी घरटें पाहते तेव्हां विणकामाच्या सफाईपेक्षां घरटें कोठें टांगलें आहे याकडे तिचें लक्ष अधिक असतें. झाड उंच आहे का, सापाला किंवा कावळ्याला तेथें सहज पोहोंचतां येईल का, हा तिचा पहिला प्रश्न. नरानें कितीहि सुबक विणलें, तरी जागा वाईट असेल तर त्याचे श्रम फुकट जातात. आम्हांला जें सांगावयाचें आहे तें सारें या एका गोष्टीवर उभें आहे.

भिवंडीच्या अंगाला खेटून कामवारी नदी वाहते व पुढें उल्हासच्या खाडीला मिळते. तालुक्याच्या उत्तरेस तानसा आहे. वज्रेश्वरी व गणेशपुरी तिच्याच परिसरांतलीं. या दोन पाण्यांच्या मधला मुलूख म्हणजे भातखाचरें, बांध, तळीं आणि त्यांच्या कडेनें उभीं असलेलीं ताडाचीं व शिंदीचीं झाडें. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला म्हणजे तेथें शेकाटे लांब तांबड्या पायांवर हिंडूं लागतात. ढोकरी ध्यान लावून बसते. तारेवरचा खंड्या एकाएकीं निळा होऊन पाण्यावर झेपावतो. पण पावसाळ्यांतला खरा राजा सुगरणच. मृगाच्या सरी पडून भाताचीं रोपें हातभर वाढलीं, कीं विहिरीवरच्या शिंदीवर पिवळ्या टोप्यांची गर्दी होते. घरटीं बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, म्हणजे नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा मारा चुकतो. आंतल्या बाजूस ओल्या मातीचे गोळे थापलेले असतात. त्यांत काजवे चिकटवून ही बाई घरांत दिवा लावते, अशी एक गोड समजूत आहे. वाऱ्यानें घरटें फार हेलकावूं नये म्हणून तें वजन असावें, हा शहाण्यांचा तर्क. आम्हांला तर्क पटतो, पण समजूतहि टाकवत नाहीं.

हाच मुलूख आज झपाट्यानें बदलत आहे. मुंबईची जकात चुकविण्यासारखी, आणि तरी मुंबईला लागून, अशी ही जमीन. म्हणून व्यापाऱ्यांनीं येथें माल ठेवण्यास आरंभ केला. २०१७ मध्यें जकात गेली, परंतु गोदामें राहिलीं व वाढलीं. मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या बाजूंना जेथें भात डोलत असे, तेथें आज पत्र्यांचीं छपरें पसरलीं आहेत. खाचर बुजविलें म्हणजे पातें गेलें. बांध काढला म्हणजे शिंदी गेली. तळें भरलें म्हणजे कीटक गेले, आणि पिलांना तर कीटकच भरवावे लागतात. सुगरणीवर कोणी बंदूक रोखली नाहीं, कोणी जाळें टाकलें नाहीं. तिच्या पायाखालची जागा तेवढी काढून घेतली.

या बाबतींत सरकार व लोक अगदींच स्वस्थ बसले आहेत असें म्हणणें अन्यायाचें होईल. ठाण्याच्या खाडीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठीं २०१५ सालीं अभयारण्य जाहीर झालें, व २०२२ सालीं त्या खाडीला रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. गोदावरीवरील नांदूर मध्यमेश्वराला तो मान त्यापूर्वींच मिळाला होता. इकडे तानसा अभयारण्यांत २०१४ सालीं रानपिंगळा आढळला. त्याची कथा तर कादंबरीसारखी आहे. १८८४ नंतर हें लहानसें घुबड कोणाच्या दृष्टीस पडल्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. तें नष्ट झालें असेंच पुष्कळांनीं धरून चाललें होतें. आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत पामेला रासमुसेन व त्यांचे सोबती यांना तें खानदेशांत शहाद्याजवळ दिवसाढवळ्या फांदीवर बसलेलें दिसलें. एकशें तेरा वर्षांनीं परत आलेल्या पाहुण्याला कोण आदर दाखविणार नाहीं ?

परंतु आमच्या आदराची एक खोड आहे. जें दुर्मिळ तेंच आम्हांला मोलाचें वाटतें, व जें रोजचें तें दुर्मिळ होईपर्यंत आमच्या हिशेबांतच येत नाहीं. साताऱ्यास जन्मलेले व जकात-मिठाच्या खात्यांत नोकरी केलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांनीं १९०० सालीं मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिलें. १८८३ मध्यें नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकीं ते एक. अशा जाणत्या माणसाला कावळा, चिमणी, घार यांवर लिहिण्यांत कमीपणा वाटला नाहीं, हें आम्हांला त्या पुस्तकाइतकेंच मोलाचें वाटतें.

रोजच्या पक्ष्याची काळजी कशाला, असें कोणी विचारील, तर सुगरणीच्या एका सख्ख्या नातलगाकडे बोट दाखवावें लागेल. हिमालयाच्या पायथ्याशीं तराईच्या गवताळ पाणथळींत याच कुळांतील एक पिवळा विणकर राहतो. ह्यूम साहेबांनीं १८६९ सालीं काळाढुंगीच्या नमुन्यावरून त्याचें वर्णन केलें. पुढें तो बराच काळ कोणास सांपडेना, तेव्हां १९३४ मध्यें सलीम अलींनीं त्याला पुन्हा हुडकून काढलें. आज त्याचें नांव संकटग्रस्त पक्ष्यांच्या जागतिक यादींत आहे. मोठें कारण एकच : गवताळ पाणथळी गेल्या, शेतें व वस्त्या आल्या. सुगरण त्या यादींत नाहीं, व देशाचा विचार केला तर तिला आज तसें भयहि नाहीं. पण गांवें एकेक करूनच रिकामीं होत असतात. देशांत लाखों सुगरणी आहेत, एवढ्यानें आमच्या विहिरीवरची शिंदी भरत नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सुगरणीला पकडणें हा गुन्हा ठरविला आहे, व हें योग्यच आहे. मात्र ज्या झाडाला ती घरटें टांगते, ज्या खाचरांतून पातें आणते, त्यांच्यावर ही चौकी नाहीं. पक्ष्याला अभय आहे, पक्ष्याच्या पत्त्याला नाहीं.

पडघ्याच्या बाजूस एका विहिरीवर तीन शिंदी आहेत. गेलीं कांहीं वर्षें पावसाळ्यांत आम्ही तेथें जाऊन घरटीं मोजीत आलों आहों. यंदा त्या जमिनीची मोजणी होऊन दगड पुरले गेले. विहिरीच्या मालकांशीं आमचा चांगला परिचय झाला आहे. आम्ही त्यांना काका म्हणतों. शिंदी राखतां येतील का, असें भीत भीत विचारलें, तेव्हां ते रागावले नाहींत, पण म्हणाले, “भाऊ, तुम्ही पांखरांचा हिशेब ठेवतां. माझ्या भाताचा हिशेब कोण ठेवतो ?” मग त्यांनीं तो हिशेब सांगितला. मजुरी, खत, अवेळीं पडलेला पाऊस, शेतावर येण्यास तयार नसलेला मुलगा, नातीचें शिक्षण, आणि वर पिकलें त्यांतून सुगरणींनीं खाल्लेला दाणा. त्यांनीं गोफण कधीं मारली नाहीं, हेंहि ते सहज बोलून गेले. या हिशेबाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि आजहि नाहीं. आमच्या घरीं येणारें कितीतरी सामान अशाच एखाद्या गोदामांतून येतें. तें वापरावें, आणि जमीन विकणाऱ्याला उपदेश करावा, हें आम्हांला शोभणार नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें लहान आहे. गोदामें होऊं नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. गांवच्या पंचायतीनें गांवांतील एक तळें, त्याच्या कांठचीं झाडें व भोंवतालची हातभर गवताची कड एवढें तरी बुजवूं नये, असें म्हणतों. ज्यांनीं गोदाम बांधलें त्यांनीं आवाराच्या कुंपणाशीं असलेला ताड तोडण्यापूर्वीं एकदां वर मान करून पाहावें, असें म्हणतों. कामवारींत रंगाईचें व सांडपाण्याचें पाणी शुद्ध केल्याखेरीज सुटूं नये, हें तर पक्ष्यांसाठीं नव्हे, माणसांसाठींच मागावयास हवें. आणि काकांसारख्यांनीं झाडें राखलीं तर त्यांच्या दाण्याचें मोल कोणीतरी द्यावें. फुकट दया मागण्याचा अधिकार आम्हांला नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांना याहून सोपीं दोन कामें करतां येतील. पहिलें हें कीं, दिवाणखान्याच्या शोभेसाठीं सुगरणीचें घरटें उतरवून आणूं नये. हंगाम सरल्यावर तें रिकामें दिसतें खरें, परंतु पुढें मुनिया त्यांत आसरा घेतात. दुसऱ्याचें भाड्याचें घर आपण भिंतीला टांगून ठेवीत असतों. दुसरें काम मोजणीचें. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, महाराष्ट्रांत पक्षिसप्ताह पाळला जातो. ज्यांनीं मराठींत पक्षिकोश रचला, त्यांच्या व ज्यांनीं किहीमच्या वसाहतीसमोर बैठक मारली, त्यांच्या नांवानें हा आठवडा असावा हें उचितच आहे. मात्र सुगरणीचा संसार तोंपर्यंत आटोपत आलेला असतो. तेव्हां गणपतीच्या सुट्टींत मुलांना घेऊन गांवाबाहेर जावें. एक झाड नेमून घ्यावें. त्यावर पुरीं घरटीं किती, अर्धीं टाकलेलीं किती, हें वहींत तारखेसह लिहावें. आणि पुढल्या वर्षीं पुन्हा त्याच झाडाखालीं उभें राहावें. पांच-सात वर्षांची अशी वही हातीं असली, तर पंचायतीच्या सभेंत नुसत्या हळहळीपेक्षां कांहीं अधिक मांडतां येतें.

पडघ्याच्या वाटेवरील त्या तीन शिंदींवर यंदा पुरीं झालेलीं घरटीं एकोणीस होतीं, अर्धवट टाकलेलीं अकरा. दगड पुरलेले आहेत, पण झाडें अद्याप उभीं आहेत. काकांनीं विक्रीचा कागद दिवाळीनंतर करावयाचें ठरविलें आहे. शेवटचीं पिलें उडून जाईपर्यंत झाडाला कोयता लावूं देणार नाहीं, एवढें त्यांनीं आपण होऊन सांगितलें.